पाणी दिलं, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीपाशी आले की मन दुसरीकडं वळवते — तांदूळ निवडायचे राहिलेत, शेळीला पाला टाकायचा राहिला, असलं काहीतरी. तुझ्यापाशी बोलते, कारण तू मला दिसत नाहीस. समोर माणूस असलं की माझा आवाज घशातच राहतो. लहानपणापासून तसंच आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही बाईंनी विचारलेलं उत्तर मला यायचं आणि तोंडातून निघायचं नाही.

कुठून सांगू? सांगायला बसले की भलतंच आठवतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांच्यावर माश्या बसत होत्या. मी हाकलत होते. होळी होऊन गेली होती, ऊन चांगलंच तापलं होतं. हे सगळं स्वच्छ आठवतं. आणि जे आठवायला हवं, नेमकं तेवढंच — तिथं धूर आहे नुसता.

आधी बाटलीचं सांगते. आमच्या डोळखांबच्या बाजूला घराघरात मोहाची दारू असते. पिणाऱ्याच्या घरी असते आणि न पिणाऱ्याच्या घरीही असते. आमचे हे पीत नाहीत, ते भिवंडीला गोदामात कामाला, आठवड्यानं घरी येतात. तरी बाटली असायचीच, पिठाच्या डब्याच्या मागं. बाळंतिणीचं अंग चोळायला, मुरगळलेल्या पायाला लावायला, देवाला धार टाकायला. आणि कुणी भ्यालं तर पाजायला. झाडावरून पडला, विहिरीतून काढला, साप अंगावरून गेला — घोटभर पाजली की थरथर थांबते, असं आमच्यात मानतात. मला म्हैस मारायला धावली होती तेव्हा माझ्या आईनं मला पाजली होती. मी तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांची पोर. म्हणजे हे काही कुणी शिकवलेलं नाही, हात आपोआप बाटलीकडं जातो.

हे मी तुला आधी का सांगते आहे? माझी बाजू मांडते आहे का? नाही. थांब. तसं नको समजू.

हिराचं सांगते. हिरा माझी धाकटी जाऊ, नामदेव भाऊजींची बायको. तिचं तोंड दिवसभर चालू. पाणी भरायला गेलं की विहिरीवरच्या सगळ्या बाया तिच्याभोवती. माझी थट्टा केल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. म्हणायची, “आमच्या थोरलीला देवानं तोंड दिलंय ते निस्तं जेवाया. बोलायचं तिच्या वाट्याचं मलाच दिलंय, काय करू?” बाया हसायच्या. मीही हसायचे. मला राग येत नव्हता. उलट बरं वाटायचं — ती बोलायची म्हणून मला बोलावं लागत नव्हतं.

त्या दिवशी ती शहापूरला गेली होती, भाच्याच्या लग्नाच्या साड्या आणायला. येताना जीपनं येत होती. जीप गुलाबची. गुलाब माझ्या माहेराकडचा, मुरबाडच्या पुढचा. नात्यातला नाही, पण मी त्याला तोंडओळखीनं ओळखत होते. माहेरच्या माणसांना तो सोडायला यायचा. मी दिसले की हात वर करायचा, “काय ताई, बरं ना?” मी मान हलवायचे. एवढंच आमचं बोलणं.

आमचं घर रस्त्याच्या कडेला, वळणाच्या अलीकडं. वळणावर मोरी आहे, खाली ओढा. उन्हाळ्यात कोरडा. मी फुलांवरच्या माश्या हाकलत होते आणि मोठा आवाज झाला. मी पाहिलं नाही. हे नीट ऐक — जीप कशी गेली, वेगात होती की हळू, आडवं काही आलं का, यातलं मी काहीच पाहिलं नाही. फक्त आवाज. मग धूळ. मग पाड्यातली माणसं ओरडत ओढ्याकडं धावली.

मी धावले नाही. मी तशीच उभी. आणि ओढ्याच्या या बाजूनं, आमच्या कुडाला धरून गुलाब वर आला. एकटाच. कपाळातून रक्त. अंगणाच्या कडेच्या दगडावर बसला आणि थरथर कापायला लागला. एवढ्या उन्हात त्याचे दात वाजत होते. “बाया हायत आत,” एवढंच म्हणत होता. “बाया हायत.”

आत कोण आहे, मला ठाऊक नव्हतं. हिरा कुठल्या गाडीनं येते आहे, मला कुठं माहीत? मी आत गेले, पेल्यात मोहाची ओतली आणि त्याच्या तोंडाला लावली. त्यानं प्यायली. मी पुन्हा ओतली. किती? घोटभर, असं मी मनाशी म्हणते. पण घोटभर असती तर दुसऱ्यांदा का ओतली? पेला अर्धा होता की भरलेला? थोडी त्याच्या शर्टावरही सांडली. कपाळाला फडकं लावलं तेही त्यातच भिजवलं होतं, जखमेला चांगलं म्हणून. त्या सगळ्या वेळात आमच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

आता मला जे कळत नाही ते सांगते. पेला लावताना माझं तोंड त्याच्या तोंडाजवळ होतं. त्याच्या श्वासाला आधीच वास होता का? कधी मला आठवतं, होता. अगदी पक्कं आठवतं — आंबूस, शिळा. कधी आठवतं, नव्हता, नुसता डिझेलचा आणि रक्ताचा होता. अंगणभर मोहाची फुलं पसरलेली, माझ्या हातांना मोहाचा वास, पेल्याला मोहाचा वास. त्यात त्याचा कुठला आणि माझा कुठला? ज्या दिवशी मला फार त्रास होतो त्या दिवशी मला वास आठवतो. मग वाटतं, हे आठवतंय की मीच रचते आहे? मला खरंच सांगता येत नाही.

तेवढ्यात ओढ्यातून बायकांचा आवाज आला आणि त्यात हिराचं नाव होतं. मी पेला टाकून धावले. तिला वर काढून मोरीजवळ ठेवली होती. साड्यांची पिशवी तिच्या हातात तशीच. बाकीच्यांना लागलं होतं, कुणाचा हात, कुणाचा पाय. हिरा तेवढी गेली होती.

पोलीस आले. तोवर पाड्यातल्या पोरांनी गुलाबला धरून मोरीजवळ आणला होता, त्याला दोन-चार बसलेही होते. हवालदार त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी नाक मागं घेतलं. मग फुंकायचं यंत्र काढलं. “फुंक. आणखी फुंक. थांबू नको.” यंत्र वाजलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. नामदेव भाऊजी हिराच्या डोक्याशी बसले होते, त्यांनी मान वर केली. कुणीतरी म्हणालं, “पिऊन मारली रं हिला ह्यानं. पिऊन मारली.” सगळ्यांचा आवाज एकदम चढला.

आणि गुलाब म्हणाला, “नाय साहेब, मी घेतली नव्हती. आता पाजली मला. ह्या ताईंनी पाजली, तिकडं, त्यांच्या अंगणात.”

त्यानं माझ्याकडं बोट केलं.

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. अख्खा पाडा. माझे सासरे, भाऊजी, पोरं. हवालदार म्हणाले, “काय हो बाई, तुम्ही दारू पाजली याला?”

मी कशाला भ्याले, हे मी नंतर खूपदा शोधलं. बाटली घरात होती म्हणून? मागं शेजारच्या पाड्यात दारूवर धाड पडली होती, मडकी फोडली होती, एका बाईला गाडीत घालून नेलं होतं. ते डोक्यात आलं असेल. की हिरा खाली मेलेली आणि मी वर तिला मारणाऱ्याची सरबराई करत होते, असं पाडा म्हणेल म्हणून? तो माझ्या माहेराकडचा, म्हणून मी त्याची बाजू घेते, असं म्हणतील म्हणून? की नुसतंच, एवढी माणसं बघत होती म्हणून? कुठलं खरं? मला वाटतं चारही खरी असतील. पण त्या वेळी मी यातलं काहीच विचारात घेतलं नव्हतं. माझं तोंड आपोआप उघडलं. जन्मभर चारचौघांत न उघडणारं तोंड.

मी म्हणाले, “पाणी दिलं मी. पाणी.”

माझ्यामागं म्हातारी ठकूबाई उभी होती, ती मोठ्यानं म्हणाली, “ती काय खोटं बोलंल? तिला खरं बोलाया तोंड उघडत नाय, ती खोटं कवा बोलायची?”

आणि सगळ्यांना पटलं. मी कधी बोलत नाही, म्हणून मी बोलले ते खरं. गुलाबनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असं माणूस बघतो ना, तसं. मग त्याला गाडीत घातलं आणि रक्त काढायला शहापूरला नेलं.

तू म्हणशील, घाबरली बिचारी, गोंधळली. मीही तसंच म्हणायचे मनात. पण गाडी गेल्यावर, हिराला चिरफाडीला दवाखान्यात न्यायची तयारी चालली होती तेव्हा, मी परसात जाऊन उरलेली बाटली केळीच्या बुडाशी ओतली. पेला राखेनं दोनदा घासला. फडकं चुलीत घातलं. गोंधळलेली बाई असं करते का? मला सगळं कळत होतं.

काही महिन्यांनी भाऊजींना कळलं की रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात दारू निघाली. निघणारच. मी भात काढत होते, हातातला विळा तसाच चालू ठेवला. भाऊजी खळ्यावर बसून रडले. म्हणाले, “आता तरी सुटायचा नाय दारुडा.” त्यानंतर घरात हिराचा विषय निघाला की हाच शब्द. दारुडा. मी पाहिलं, त्या शब्दानं भाऊजींना जरा उभं राहता येत होतं. मी तो शब्द काढून घेतला तर ते कशाला धरून उभे राहतील? असंही मी स्वतःला सांगितलं. बरीच वर्षं हे सांगून चाललं. आणि दारू निघाली म्हटल्यावर दुसरं कुणी काही विचारलंच नाही. त्या वळणावर रस्त्याच्या कामाची बारीक खडी पसरली होती. मी तीच खडी झाडूनं अंगणापासून लांब लोटायचे, रोज. तिच्यावरून सायकली घसरायच्या. ती कुणी पाहिली नाही. मीही दाखवली नाही.

माहेरी गेले की मी कान देऊन बसायचे. आई म्हणायची, “गुलाबनं जीपवर असताना कवा घेतली नाय गो, कुनी काय बोलू दे.” भाऊ म्हणायचा, “हळदीला तर घेतो की, मी सवता पायलाय. आन् त्याच्या आदल्या रातीला आपल्याकडं हळद व्हती ना वरच्या आळीला?” होती का? आईला आठवत नव्हतं. भावालाही पक्कं नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, तुला कशाला हवं?

गुलाबचा परवाना गेला. तो काही काळ आत होता, मग सुटून आला. कोर्टाच्या तारखांना नामदेव भाऊजी जायचे. मला साक्षीला बोलावतील म्हणून मी प्रत्येक तारखेला आजारी पडायचे. खरंच ताप यायचा. कुणी बोलावलं नाही.

मग लेकीच्या बाळंतपणाला मी शहापूरला दवाखान्यात होते. बाहेर बाकावर बसले होते. दुपारी पोलीस एका टेम्पोवाल्याला घेऊन आले, आटगावजवळ त्यानं कुणाला तरी उडवलं होतं. त्याचं रक्त काढायचं होतं. दार उघडंच होतं. नवी सिस्टर कापूस भिजवायला लागली तर मोठ्या सिस्टरनं तिचा हात धरला. “स्पिरिट नको. दारूच्या तपासणीला स्पिरिट लावत नाहीत.”

नवी म्हणाली, “एवढ्याशानं काय होतंय मॅडम?”

“होत नसेल. पण उद्या तो म्हणेल, तुमच्या कापसाची आली माझ्या रक्तात. मग काय सांगशील? शंका ठेवायची नाही. माणसाचं सगळं त्याच्यावर असतं.”

एवढ्या कापसाची त्यांना काळजी होती. मी बाकावर बसून राहिले. आत लेक कण्हत होती आणि मला ते ऐकू येत नव्हतं. मला आत जाऊन त्या सिस्टरला विचारायचं होतं — रक्तात जी दारू निघते, ती आधीची कुठली आणि मागून पाजलेली कुठली, हे कळतं का? आकडा असतो म्हणतात रिपोर्टात. त्या आकड्यातून माझा पेला वजा करता येतो का? वजा केला तर मागं काही उरतं का? काही उरलं तर मी — काय मी? सुटते? आणि काही नाही उरलं तर?

मी उठले. दारापर्यंत गेले. सिस्टर म्हणाली, “काय आजी, काय पाहिजे?” मी म्हणाले, “पाणी कुठं मिळंल?” तिनं बोटानं नळ दाखवला.

आता शेवटचं सांगते. हे पहिल्यापेक्षा वाईट आहे, म्हणून मागं ठेवलं.

मागल्या पौषात मी भावाबरोबर मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेला गेले. घोंगडी घ्यायची होती. भाऊ बैल बघायला बाजाराकडं गेला आणि मी घोंगड्यांच्या दुकानांपाशी थांबले. एका ढिगाजवळ एक माणूस गिऱ्हाइकांना घोंगड्या उलगडून दाखवत होता आणि पुन्हा घड्या घालत होता. दुसऱ्याच्या दुकानात कामाला. केस पांढरे झालेले. कपाळावर वण. मी ओळखलं आणि वळले, पण त्यानंही ओळखलं.

“ताई. थांबा ना.”

मी थांबले. पदर ओढून खाली बघत उभी राहिले. मला वाटलं, आता तो चार माणसांत बोलणार. बोलू दे, असंही वाटलं. खरं सांगते, तेवढ्यापुरतं मला सुटल्यासारखं झालं. तो म्हणेल आणि मी मान हलवीन, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

तो म्हणाला, “लय वर्सं झाली, तुमाला गाठून बोलायचं व्हतं. त्या दिसाला तुमी मला पानी पाजलंत, आन् मी पोलिसापुढं तुमचंच नाव घेतलं. दारूचा आळ. बायमाणसावर. डोक्याला मार व्हता ताई, काय बोललो माझं मलाच ठाव नाय. मनात नका ठेवू.”

मी वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

“आदी मी लय दिस बोलायचो, मी घेतलीच नव्हती. आता वाटतं घेतली असंल. कागदात आलं ना. घरची बी तेच बोलते. सकाळी कुटंतरी टाकली असंल घोटभर, ध्यानात नाय. इतकी माणसं खोटी, न् मी एकटा खरा, असं कसं व्हईल?” मग म्हणाला, “आता शिवत बी नाय. पोराच्या हळदीला बी नाय घेतली.”

त्याच्या हातात अर्धी घडी घातलेली घोंगडी होती. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी काही बोलावं म्हणून थांबला होता. गिऱ्हाइकं पुढं गेली होती, आमच्याजवळ कुणी नव्हतं, कुणी बघत नव्हतं. ना हवालदार, ना पाडा. हिराला जाऊन किती काळ लोटला होता. धाडीची भीती नव्हती. कशाचीच नव्हती. मी एवढंच म्हणायचं होतं की ते पाणी नव्हतं.

मी म्हणाले, “राहू द्या, दादा.”

त्याचा चेहरा मोकळा झाला. त्यानं हात जोडले. मग ढिगातून हात घालून चांगल्या विणीची घोंगडी निवडून काढली, ही घ्या म्हणाला, ही ऊब धरते. मी ती घेतली. त्यानं माझ्याकडं माफी मागितली आणि मी ती दिली.